गाडीचं नाक

मेथी निवडता निवडता माणिकबाईच्या समोर रागिणीनं मोबाईल धरला आणि म्हणाली, "आजी, हे पाय बरं, ओळखतं का?" खाली अमरावतीच्या राजापेठेतला दुपारचा गलका चालू होता. क्लास सुटला होता, पोरं दुचाक्यांना किका मारत होती आणि त्यांच्या धुराचा वास तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीपर्यंत येत होता. माणिकबाईनं हातातली जुडी परातीत ठेवली, चष्मा पुसला आणि पाहिलं. आधी तिला काहीच कळलं नाही. राखाडी, खरवडलेलं लोखंड, मधे जाळी, दोन बाजूंना दिव्यांच्या रिकाम्या खाचा. एखादा ओळखीचा माणूस मिशी काढून दारात उभा राहावा आणि आपण त्यालाच 'कोण पाहिजे?' म्हणून विचारावं, तसं झालं. मग हळूहळू ते तोंड तिच्या ओळखीचं होत गेलं. ती त्यांची गाडी होती. चांदूर रेल्वेच्या मळ्यात निंबाखाली उभी राहून राहून जमिनीत रुतलेली, सासऱ्यांची गाडी. जाळीच्या खाली, बरोबर नाकाच्या जागी दोन भोकं होती आणि त्यांच्याभोवती कोणीतरी लाल गोल ओढले होते.

फोटोखाली, गाडी नीट करायला अकोल्याला घेऊन गेलेल्या खुशालरावांनी मजकूर लिहिला होता. रागिणी वाचून दाखवायला लागली तशी माणिकबाई म्हणाली, "थांब, मीच वाचतो." तिला अक्षरं उशिरा आली. पोरं मोठी झाल्यावर, समाजमंदिरातल्या रात्रीच्या वर्गात. त्यामुळे वाचताना ती अजूनही एकेक अक्षर दगडावरून दगडावर पाय ठेवल्यासारखी पुढे जायची, आणि मजकुरातली गोष्ट तिला सगळ्यांच्या नंतर कळायची. ही भोकं कारखान्यातली आहेत की नंतर कोणी पाडली? माणिकबाईंना विचारा. नंतरची असतील तर बुजवून टाकू. मूळची असतील तर तशीच ठेवू. 'बुजवून' या शब्दापाशी तिचं बोट थांबलं. 'बु', 'ज', 'वू', 'न'. शब्द पुरा झाला तरी बोट पुढे सरकलं नाही.

"सांग ना, आजी. काय लिहू?"

"लिही, पैलेपासूनच होते म्हणा थे."

तोंड मनाच्या आधी बोलून गेलं. रागिणीनं दोन्ही अंगठ्यांनी टपटप लिहिलं आणि पाठवूनही दिलं. माणिकबाईनं पुन्हा मेथीची जुडी घेतली. पण त्यानंतर बऱ्याच काड्या भाजीत गेल्या आणि पानं कचऱ्यात. संध्याकाळी सून साधना म्हणाली, "आत्याबाई, आज भाजीत निसत्या काड्याच लागून राहिल्या," तेव्हा तिला ते कळलं.

ती भोकं कोणी पाडली, का पाडली, हे माणिकबाईला पक्कं माहीत होतं. पण ती गाडी काय आहे, हे मात्र घरातल्या कोणालाच कधी ठाऊक नव्हतं. दुसऱ्या महायुद्धाची लढाई सरल्यावर कुठल्याशा लष्करी मोडीतून सासरे नत्थुजींनी ती आणली, एवढंच. घरात सगळे तिला फोर्ड म्हणायचे. 'फोर्ड जुंपा', 'फोर्डात वांगे भरा', 'फोर्ड रुसली'. गेल्या हिवाळ्यात चुलत दिरांनी मळ्यातली जागा मोकळी करायची म्हणून भंगारवाला बोलावला. ती बातमी कशी कोण जाणे अकोल्याच्या खुशालरावांपर्यंत पोचली. ट्रकांचे सांगाडे बांधण्यात जन्म गेलेला, आता कारखाना पोरांवर सोडून जुन्या गाड्यांच्या नादी लागलेला माणूस. भंगारवाल्याच्या आधी तो येऊन पोचला. आल्या आल्या पाणीही न घेता गाडीखाली सरपटत गेला. बाहेर फक्त त्याचे पाय दिसत होते. बऱ्याच वेळानं तो बाहेर आला तेव्हा भुवयांवर माती होती, कानात कोळ्याचं जाळं अडकलं होतं आणि चेहरा असा, की जणू घरात मुलगा झाला. "काकू, हे फोर्ड नोय जी. शेवरोलेट हाय! फोर्डचं इंजिन दोन अंगाले फाकलेलं असते, याच्यात साही सिलिंडर एका रांगेत उभे हायेत. कॅनडात बनली हे गाडी. लढाईसाठी." सगळे हसले, माणिकबाईच्या मुलानं, मनोजनं टाळी दिली. माणिकबाईला तेवढं हसू आलं नाही. इतकी वर्षं एका नावानं हाक मारलेल्या माणसाचं नाव दुसरंच निघावं, आणि त्यानं कधी तक्रार न करता त्या चुकीच्या नावाला ओ देत राहावं, असं काहीतरी तिला वाटलं होतं. त्या दिवशी गाडी मोठ्या ट्रेलरवर चढवून अकोल्याला गेली, आणि निंबाखाली गवताचा एक पांढुरका चौकोन राहिला.

भोकं नत्थुजींनी पाडून घेतली होती, गावच्या लोहाराकडून. माणिकबाईच्या लग्नानंतरच्या पहिल्या पोळ्याला ती भोकं जुनीच झाली होती. गाडी आली त्या वर्षी नत्थुजींचा एक बैल मेला होता आणि बैलाचं सगळं काम गाडीवर पडलं होतं. शेणखत तीच वाहायची, अमरावतीच्या बाजारात भाजी तीच न्यायची, विहिरीतला गाळही तीच ओढायची. पोळा आला. नत्थुजी म्हणाले, "जे बैलाचं काम करते, त्याले बैलाचा मान नोको?" गाव हसलं. पण नत्थुजी हसण्यावारी नेणारे नव्हते. आदल्या दिवशी खांदेमळणीला त्यांनी बैलांच्या खांद्यांना लावतात तसं तूप आणि हळद गाडीच्या पुढच्या पत्र्याला चोळली आणि वाकून तिला आवतण दिलं. शिंगांना द्यायचा रंग उरला तो गाडीच्या अंगाला दिला. तेव्हापासून जुना रंग उडाला की त्या पोळ्याला शिंगांचा जो रंग, तोच गाडीचा रंग. आणि बैलाला नवी वेसण घालायची तर हिला का नाही, म्हणून नाकाच्या जागी दोन भोकं पाडून त्यांतून नवी सुती वेसण ओवली. पोळ्याच्या तोरणाखाली बैलजोड्यांच्या रांगेत सगळ्यात शेवटी गाडी उभी असायची. आत स्टेअरिंगवर माणिकबाईचा नवरा उत्तमराव, आणि पुढे वेसणीचा कासरा धरून चालणारे नत्थुजी. पोलीस पाटील ओरडायचे, "नत्थुजी, तुमच्या बैलानं मांगून धूर सोडला ना बावा!" नत्थुजी वळून न पाहता म्हणायचे, "तुमचा शेन टाकते, माहा धूर टाकते. ज्याचं त्याचं पोट."

त्या पहिल्या पोळ्याला बैल घरी आले, त्यांचे पाय धुतले, त्यांना ओवाळलं. मग सासू म्हणाली, "आता गाडीलेही ओवाय." माणिकबाई ताट घेऊन गाडीपुढे उभी राहिली. डोक्यावरचा पदर नाकापर्यंत. लग्न होऊन काही महिने झाले होते, पण भरल्या घरात उजेडी नवऱ्याकडे मान वर करून तिनं अजून पाहिलेलं नव्हतं. अंधारात त्याचा आवाज माहीत होता, खोकला माहीत होता, पण चेहरा असा तुकड्यातुकड्यांनीच. कुंकू लावायचं, पण गाडीचं कपाळ कुठं असतं? तिनं बोट वर केलं आणि पुढच्या काचेच्या मधोमध टेकवलं. गाडीची काच उलटी होती, खालून वर येताना पुढे झुकलेली. त्या काचेपलीकडे उत्तमराव बसले होते. तिचं बोट काचेवर होतं तेव्हा ते थोडेसे सरकले, थोडे वाकले, आणि कुंकवाचा ठिपका नेमका त्यांच्या कपाळावर आला. माणिकबाईनं पाहिलं. घरची सगळी माणसं मागे उभी असताना, सासऱ्यांच्या देखत, भर उजेडात तिनं नवऱ्याचा चेहरा सरळ पाहिला. तो हसत होता. आणि कोणी काही म्हणूही शकत नव्हतं, कारण ती गाडीला ओवाळत होती.

अशा किती पोळ्यांना ती ताट घेऊन उभी राहिली असेल. दर वेळी ते सरकायचे, वाकायचे. म्हातारपणी गाडी बंद पडल्यावरही, ती जागची हलत नाही तरी ते पोळ्याला आत जाऊन बसायचे, आणि माणिकबाई म्हणायची, "उतरा आता, कमरेत उसन भरन." मग ते गेले. काच त्याआधीच कधीतरी पोरांच्या दगडानं फुटली होती. नवी वेसण ओवायचं राहून गेलं. पण भोकं होती. मळ्यात गेली की ती सहज जाता जाता त्यांत बोट घालून पाहायची. आत थंड असायचं, कधी एखादी मुंगी बोटावर चढायची.

आता ती भोकंसुद्धा कोणी बुजवणार होतं. म्हणून ती खोटं बोलली, आणि ते खोटं फोनमधून अकोल्याला जाऊन पोचलं. दोनचार दिवस ते तिच्या कानाशी घुंगुरड्यासारखं गुणगुणत राहिलं. मग तिनं मनोजला म्हटलं, "मले गाडी पायची हाय. घेऊन चाल."

साधना डबा भरता भरता म्हणाली, "आत्याबाई, गाडी पायले चालल्या का गाडीले मागणं घालाले?"

"मागणं काहाचं व, लेकरू शाळंत घातलं तं पायले जा लागते ना, मास्तर मारते का काय."

रविवारी मनोजनं कार काढली. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं. काचेबाहेर काळी रानं मागे पळत होती आणि माणिकबाईला वाटत होतं, आपण गाडीत नाही, आपण थांबलेलो आहोत आणि रानंच कोणीतरी ओढून नेत आहे. लगीन होऊन ती चांदूरला आली तीसुद्धा त्याच गाडीतून. निळी गाडी. तिला पक्कं आठवत होतं. पाटल्यांच्या हाताला गार लागलेला निळा पत्रा, निळं दार, निळी पायरी आणि त्या पायरीवर ठेवलेलं आपलंच हळदीचं पाऊल. डोळे मिटले की पिवळ्या पावलाखालचा तो निळा रंग ती आजही पाहू शकायची.

खुशालरावांची शेड अकोल्याच्या औद्योगिक वसाहतीत एका टोकाला होती. त्यांची बायको ज्योत्स्ना दारातच भेटली. "या काकू. ह्याईनं तुमच्या गाडीसाठी माहं घर सोडलं हाय. जेवाले बोलावते तं म्हणते, अठीच पाठव." आत अंधार होता, ऑइलचा आणि तापल्या लोखंडाचा वास होता, आणि मधोमध गाडी उभी होती. चाकं नवी, अंग बरंचसं मोकळं, खरवडलेलं. माणिकबाईला आधी वाटलं, ही उंच झाली. मग आठवलं, इतकी वर्षं ती रुतलेलीच पाहिली होती.

खुशालरावांनी दाराच्या पत्र्यावर तळहाताएवढी जागा घासून ठेवली होती. एकात एक गोल, कांद्याच्या चकतीसारखे रंग. "हे पाहा काकू. कोनं इतके रंग देल्ले असन? सगळ्यात खाली हा मातीसारखा, थो मिल्ट्रीचा. त्याच्यावर लाल. मंग पिवया. मंग हिरवा. परत लाल. अन् सगळ्यात वर निया."

"निया खालीच असन," माणिकबाई म्हणाली. "माहं लगन झालं तवा गाडी नियीच होती."

"नाई जी. निया शेवटचा हाय. थो वरचा थर ना, उन्हानं चिरला तेवढाच. तुमचं लगन झालं तवा लाल असन, नाई तं पिवई."

ती त्या गोलांकडे पाहत राहिली. लोखंड खोटं बोलत नव्हतं, त्याला बोलायचं काही कारणही नव्हतं. मग निळं काय होतं? उत्तमरावांचा सदरा? काचेतलं आभाळ? की म्हातारपणी कधी पायरीवर बसली असताना पाहिलेला रंग मनानं उचलून नवरीच्या पावलाखाली सरकवला?  घरातून आपलं काही चोरीला गेलं आहे असं वाटावं, आणि शोधायला जावं तर ती वस्तू घरात कधी नव्हतीच असं निघावं, तसं झालं. पण गंमत अशी, की हे कळल्यावरही डोळे मिटले तर पाऊल पिवळंच होतं आणि पत्रा निळाच. लोखंडानं सांगून तो बदलला नाही. हे पाहून तिला आतल्या आत जरासं हसू आलं, आणि मनोजनं विचारलं, "काय झालं, माय?" तर ती म्हणाली, "काई नाई रे. म्हातारपन."

"आता इकडे या," खुशालराव म्हणाले. त्यांच्या आवाजात सणाचा आनंद होता. गाडीच्या तोंडापुढे वरच्या तुळईपासून सोडलेलं फडकं त्यांनी ओढलं. नाकाच्या जागी, त्या दोन भोकांत बोल्टांनी कसलेला, गाडीच्या टपापेक्षा उंच लोखंडी दांडा उभा होता. वरच्या टोकाला पुढे वळवलेला आकडा. "लढाईत शत्रू रस्त्यावर आडवी तार बांधून ठेवत, डायव्हरची मान कापाले. थे तार तोडाले काही गाड्याईच्या समोर असा दांडा राहे. पुन्याचे एक साहेब हायेत, फोटो पाहून म्हणाले, हे भोकं त्याचेच असू शकतात, पन खात्री करा. मी म्हटलं, घरच्या बाईनंच सांगितलं पैलेपासून हायेत म्हणून! अशा दांड्याची शेवरोलेट आपल्या इकडे कोनं पाहिली नाई. जुन्या गाड्याईच्या मेळाव्यात नेईन तं लोकं याच्याच समोर उभे राहतीन." त्यांनी खिशातून रुमाल काढून आकडा पुसला. "तुमच्या एका शब्दावर उभा केला हा दांडा, काकू."

माणिकबाईनं दांड्याकडे पाहिलं. भोकं राहिली होती. तिला हवं तेच झालं होतं. आता ती कधी बुजणार नव्हती. पण ती दिसतच नव्हती. तिथं मान कापणाऱ्या तारेसाठी एक सुळा उभा होता. जिच्या नाकाला नत्थुजी तूपहळद चोळत, जिच्यापुढे नैवेद्य ठेवून 'जेवला, जेवला' म्हणत कुत्र्यांना हाकलत, तिच्या तोंडावर. आणि हे पाहायला आलेले लोक त्या सुळ्यापुढे उभे राहून कोणाची तरी कधीच न झालेली लढाई पाहणार होते. तिच्यामुळे. समोर हा माणूस, केस पांढरे, रुमालानं लोखंड पुसतो आहे लेकराचं नाक पुसावं तसा. न बोलावं, त्याचाही आनंद राहील, भोकंही राहतील, असं एक मन म्हणालं. तिनं काही क्षण ते ऐकूनही घेतलं. त्यात तसं वाईट काही नव्हतं. फक्त त्या राहण्यात उत्तमराव कुठं बसणार, हे तिला दिसेना.

"खुशालराव," ती म्हणाली, "थो दांडा काढा बापा."

"काहून जी?"

"थे वेसनीचे भोकं हायेत."

 मग तिनं सगळं सांगितलं. मेलेला बैल, लोहार, शिंगांचा रंग, तोरणाखालची रांग. काचेवरच्या कुंकवाचं तेवढं सांगितलं नाही. "म्या पोरीले खोटं लिहाले सांगतलं. तुमी बुजवसान म्हून."

मनोज जमिनीकडे पाहत म्हणाला, "माय, बोलायचं ना व आधी. यायनं केवढी मेहनत घेतली."

खुशालराव खाली बसले होते. चष्मा कपाळावर सरकवून भोकाच्या कडेवरून अंगठा फिरवत होते. "तरीच," ते म्हणाले, "एक भोक जरासं तिरपं हाय. म्या म्हटलं, कॅनडाचा मिस्तरी असा हात कसा हालू देईन." मग त्यांच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. माणिकबाई घाबरली, पण ते हसत होते. हसता हसता खोकला, खोकता खोकता हसू. "ज्योत्स्ना! अवो, बाहेर ये. बैल हाय हा, बैल! पुन्याच्या साहेबाले काय सांगू आता, तार तोडत नोता म्हणा, पोयात जात होता म्हणा!" ज्योत्स्ना दारात उभी राहून म्हणाली, "मंग दोन बैल झाले ना अठी," आणि मग मनोजलाही हसू आवरेना.

दांडा निघाला. बोल्ट सुटले तशी भोकं पुन्हा दिसली, लहान, काळी. खुशालरावांनी डोळे पुसले आणि मग जरा वेगळ्या आवाजात म्हणाले, "आता तुमीच सांगा, काकू. माह्या हिशोबानं तं गाडी कारखान्यातून निघाली तशी करा लागते. पन तुमी म्हणसान तं राहू देतो. बोट घालून पाहाले होतीन."

हे शेवटचं त्यांना कसं कळलं, कोणास ठाऊक. कदाचित कळलं नसेल, सहज म्हणाले असतील. माणिकबाईनं बोट पुढे केलंही होतं. मग तिनं ते तसंच हवेत ठेवलं आणि विचार केला. बैलाची वेसण काढून घेतली तरी नाकातलं भोक राहतं, मरेपर्यंत. त्याला कोणी काही करू शकत नाही. ही कुठली, कुठून आली, कोणाच्या लढाईसाठी घडवलेली. लढाई झाली, आपल्या घरी आली, दुसऱ्याच नावाला ओ दिली, शेणखत वाहिलं, नवरी आणली, वेसण घालून घेतली, आणि एका जागी उभी राहून पोरांचे दगड खाल्ले. आता कासरा धरायला कोण आहे? आणि ज्याच्यासाठी आपण काचेवर बोट टेकवत होतो, तो या भोकांत कधीच नव्हता. तो काचेच्या पलीकडे होता, ती काच केव्हाच फुटली, आणि तरी तो सरकून, वाकून बरोबर समोर येतोच आहे. आत्ताही.

"बुजवा," ती म्हणाली. "मोकयी होऊ द्या बिचारी."

"पक्कं?"

"पक्कं ना. आता का बॉन्डवर लिहून देऊ?"

वितळलेलं लोखंड गळू नये म्हणून खुशालरावांनी भोकांच्या मागून तांब्याची पट्टी लावली, वेल्डिंगचा काळा चष्मा चढवला आणि म्हणाले, "इकडं पाहू नोका." ती पाठ करून उभी राहिली. ज्योत्स्नानं तिच्या हातात चहाचा कप दिला. मागे चर्रर्र आवाज झाला आणि समोरच्या पांढऱ्या भिंतीवर तिची स्वतःची सावली एकदम उठली, विझली, पुन्हा उठली. चहा गोड होता. नंतर पत्रा घासायच्या यंत्राचा घरघर आवाज आला, तोही थांबला. मनोज बाहेर फोनवर साधनाला सांगत होता, "निंगतो आता, जेवनापर्यंत येतो."

माणिकबाई वळली. नाक सपाट होतं. कुठं काय होतं ते शोधावं लागलं असतं. तिनं कप खाली ठेवला आणि तळहात त्या जागेवर ठेवला. "काकू, भाजन, तपलं हाय," खुशालराव म्हणाले. तपलेलं नव्हतं, ऊन होतं, रवंथ करणाऱ्या जनावराच्या तोंडाजवळ असतं तेवढं. तिनं हात लगेच काढला नाही.